विमान विकले, डेटा राखला

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २६ ऑक्टोबर २००१ रोजी ‘जॉइंट स्ट्राइक फायटर’चे, म्हणजे आजच्या एफ-३५चे, कंत्राट लॉकहीड मार्टिनला दिले, तेव्हा चर्चा झाली ती किमतीची, रडारला चकवणाऱ्या बांधणीची आणि कोणत्या देशातल्या कारखान्यांना किती काम मिळणार याची. २००२ संपेपर्यंत ब्रिटन, इटली, नेदरलँड्स, तुर्कस्तान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, डेन्मार्क आणि नॉर्वे हे आठ देश भागीदार झाले होते. त्यांनी पैसे घातले, सुटे भाग बनवण्याची कामे पदरात पाडून घेतली. विमानातून निघणारा डेटा कोणाचा, आणि त्याच्या संगणकात काय भरायचे हे ठरवणार कोण, हा प्रश्न मात्र मागे राहिला. एफ-३५च्या या पाव शतकाकडे पाहताना मला तोच प्रश्न सगळ्यांत मोठा वाटतो. लढाऊ विमानाची मालकी आता ते ताब्यात घेतल्याने पुरी होत नाही. ती करारातल्या डेटाच्या कलमांवर ठरते, आणि ती कलमे पैसे मोजण्याआधी लिहून घेतली नाहीत तर नंतर मिळवणे फार कठीण जाते.

हे सर्वांत आधी ब्रिटनच्या ध्यानात आले. मार्च २००६मध्ये ब्रिटनचे संरक्षण-खरेदी मंत्री लॉर्ड ड्रेसन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर स्पष्ट सांगितले, की विमान स्वतंत्रपणे वापरण्याइतके तंत्रज्ञान मिळणार नसेल तर आम्ही ते घेऊ शकणार नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात बुश आणि ब्लेअर यांनी संयुक्त निवेदन काढून ब्रिटनला विमान चालवण्याची, सुधारण्याची आणि दुरुस्त करण्याची मोकळीक राहील असे जाहीर केले. हा ब्रिटनचा विजय खराच, पण त्याची मर्यादा पुढे दिसली. एफ-३५ला समोरचे रडार किंवा क्षेपणास्त्र कोणाचे हे ओळखता येते ते ‘मिशन डेटा फाइल’मुळे. शत्रूने रडार बदलले की फाइलही बदलावी लागते. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा यांच्यासाठी या कामाची संयुक्त प्रयोगशाळा उभी राहिली ती फ्लोरिडातल्या एग्लिन तळावर. नॉर्वे आणि इटलीची प्रयोगशाळाही तिथेच. काम आपल्या माणसांचे, पण जागा अमेरिकेची. इस्रायलने मात्र आपल्या ‘अदीर’ विमानांत स्वतःच्या संपर्क आणि इलेक्ट्रॉनिक युद्धाच्या यंत्रणा बसवण्याची मुभा मिळवली. म्हणजे अडसर तंत्राचा नव्हता, सौदा किती नेटाने केला याचा होता.

देखभालीचा डेटा हा याहून कमी बोलला गेलेला भाग आहे. प्रत्येक विमानाच्या सुट्या भागांचा, बिघाडांचा आणि दुरुस्तीचा हिशेब ‘एलिस’ नावाच्या संगणक-व्यवस्थेत ठेवायचा आणि तो अमेरिकेतल्या केंद्राकडे जायचा, अशी मूळ रचना होती. आपल्या हवाई दलाच्या हालचालींचा इतका तपशील आपोआप बाहेर जाणे काही भागीदारांना खटकले. कोणती माहिती जाऊ द्यायची हे त्या त्या देशाला ठरवता यावे, म्हणून वेगळी चाळणी नंतर बसवावी लागली. त्यात एलिस नीट चालतही नव्हती. तिच्यातल्या नोंदी चुकत, जमिनीवरचे कर्मचारी समांतर हिशेब हाताने ठेवत, आणि अमेरिकी लेखापरीक्षकांनी त्यावर वारंवार ताशेरे ओढले. २०२०मध्ये तिच्या जागी ‘ओडिन’ आणण्याची घोषणा झाली.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: शस्त्र विकणाऱ्याच्या हाती दोर असतोच, त्यात नवे काय? नवे आहे. इराणकडे शहाच्या काळात ७९ एफ-१४ विमाने आली होती. १९७९च्या क्रांतीनंतर अमेरिकेने सुटे भाग बंद केले, तरी एका विमानाचे भाग दुसऱ्याला लावत इराणने ती इराकविरुद्ध लढवली आणि पुढे कित्येक वर्षे उडवली. यंत्राचा भाग चोरबाजारात मिळतो किंवा घडवता येतो. जुनी झालेली मिशन डेटा फाइल मात्र कुठेही नवी करून मिळत नाही. म्हणूनच २०२५च्या मार्चमध्ये युरोपात ‘एफ-३५ दुरून बंद पाडणारे बटण आहे का’ ही जी चर्चा पेटली, ती मला भरकटलेली वाटली. असे बटण नाही, हा अमेरिकेचा खुलासा मी मान्य करतो; त्याची गरजच नाही. अद्ययावत फाइल थांबली की विमान उडेल, पण समोर काय आहे ते त्याला कळेनासे होईल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डेटा एकत्र ठेवल्यानेच एफ-३५ला धार आली. लहान देशाला जगभरच्या रडारांची माहिती एकट्याने कधीच जमवता आली नसती. हे खरे आहे. गुप्ततेची काळजीही खोटी नाही: तुर्कस्तानने रशियाची एस-४०० यंत्रणा घेतली, तेव्हा तिच्या रडारला एफ-३५चा अभ्यास करता येईल या भीतीनेच जुलै २०१९मध्ये त्याला कार्यक्रमातून काढले गेले. पण डेटा वाटून घेणे आणि त्यावरचा ताबा सोडून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याचा पुरावा खुद्द अमेरिकेत आहे. देखभालीचा तांत्रिक डेटा कंपनीकडून हक्काने न घेणे ही गंभीर चूक होती, असे हवाई दलाचे तत्कालीन सचिव फ्रँक केंडल यांनी २०२३मध्ये सांगितले. ज्याच्या पैशाने विमान घडले, त्यालाच ते दुरुस्त करण्यासाठी कंपनीकडे पाहावे लागले.

आपल्याकडचा अनुभव याच्या दुसऱ्या बाजूचा आहे. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने रशियन परवान्यावर सुखोई-३० एमकेआय बांधले. या विमानात भारतीय संगणक आणि इस्रायली, फ्रेंच उपकरणे पहिल्यापासून बसवली गेली. त्यामुळे संगणकाच्या आत काय चालते हे आपल्या अभियंत्यांना माहीत झाले. अडीच टनांचे ब्रह्मोस या विमानाखाली बसवताना यांत्रिक आणि विद्युत बदल हिंदुस्थान एरोनॉटिक्सने केले, तर विमानाचे सॉफ्टवेअर हवाई दलाच्या अभियंत्यांनी लिहिले. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी क्षेपणास्त्र पहिल्यांदा डागले गेले. मूळ आराखडा आणि इंजिनाचे तंत्र रशियाचेच राहिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सगळे काही घरी बनवता आले नाही तरी शस्त्र जोडण्याची आणि सॉफ्टवेअर बदलण्याची किल्ली मिळवता येते, एवढे ओझरने दाखवले आहे. एप्रिल २०२५मध्ये भारताने नौदलासाठी २६ राफेल-एमचा करार केला. अशा प्रत्येक खरेदीत आपल्याकडे वाद किमतीचा होतो. संसदेत आणि वर्तमानपत्रांत पहिला प्रश्न यायला हवा तो हा, की भारतीय क्षेपणास्त्र त्यावर चढवायचे झाले तर परवानगी कोणाची लागेल, आणि धोक्यांची यादी बदलणारा अभियंता कोणत्या देशात बसलेला असेल.