छतावरून माणसं उचलणारं हेलिकॉप्टर: दिसतं तेवढं सोपं का नसतं?

कल्याणहून कसारा लोकल पकडली की वाटेत खडवली लागतं. 4 ऑगस्ट 2019 ला खडवलीजवळचं जू-नांदखुरी गाव पुराने वेढलं होतं. हवाई दलाच्या एमआय-17 हेलिकॉप्टरने तिथून 58 जणांना बाहेर काढलं. बातमी बघताना मला वाटलं, हेलिकॉप्टर आहे म्हटल्यावर अवघड काय? वाचायला लागलो आणि चूक कळली.

एप्रिल 1944. बर्मा. अमेरिकन लेफ्टनंट कार्टर हार्मनला जपानी फौजांच्या मागे अडकलेला एक पायलट आणि तीन ब्रिटिश सैनिक बाहेर काढायचे होते. त्याच्या सिकोर्स्की वायआर-4बी चं इंजिन होतं जेमतेम 180 हॉर्सपॉवरचं, म्हणजे आजच्या एखाद्या एसयूव्हीएवढं. एका फेरीत एकच माणूस! चौघांसाठी दोन दिवस लागले, मध्येच इंजिन तापलं ते वेगळंच.

असं का? पाती हवा खाली ढकलतात, म्हणून हेलिकॉप्टर वर राहतं. उन्हाने हवा विरळ झाली की ढकलायला हवाच कमी, शिवाय इंजिनची ताकदही घटते. पुढे जाताना पात्यांना सतत नवी हवा मिळते. एका जागी तरंगताना ती मिळत नाही, म्हणून जास्त ताकद लागते. आणि छतावरून माणूस उचलताना नेमकं तरंगतच राहावं लागतं. आजच्या एमआय-17 व्ही5 ला दोन टर्बाइन इंजिनं आहेत, आत 36 सैनिक बसू शकतात. फरक इथे आहे.

आता आपल्या कामाचं. पुरात अडकलात तर 112 किंवा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077 वर फोन करा. जीपीएसला नेटची गरज नसते. गूगल मॅप्समध्ये तुम्ही आहात तिथे बोट दाबून धरा, आकडे दिसतील; ते घरच्यांना एसएमएस करा. नेट नसलं तरी एसएमएस बऱ्याचदा जातो.

हेलिकॉप्टर येताना दिसलं तर छतावरचे सुटे पत्रे, ताडपत्री आधीच बाजूला करा, कारण पात्यांचा वारा ते उडवतो. भडक रंगाचं कापड हलवा. दोर खाली आला की लगेच पकडू नका. हेलिकॉप्टरवर स्थिर वीज साठलेली असते. हूक आधी छताला किंवा पाण्याला टेकू द्या, मगच हात लावा.

आणि हो, व्हिडिओ नंतर. बॅटरी आधी वाचवा.