रात्री आठला चित्र का अडकतं?

आमच्या महागावात दुपारी मोबाईलवर मालिका छान चालते. रात्री आठ वाजले की चक्र फिरू लागतं! सासूबाई वैतागतात, मुलीच्या अभ्यासाचा व्हिडिओ अडतो, अन् ‘हे’ मोठ्या रिचार्जला निघतात.

थांबा! आधी दिवसाचा डेटा संपला का, ते पाहा. शिल्लक असेल, तर रिचार्ज वाढवून वेग वाढत नाही. सगळ्या आळीने एकदम नळ सोडले की धार बारीक होते ना? एकाच टॉवरवर सारं गाव आलं की तसंच!

मग चित्राचा दर्जा १०८० वरून ४८० वर आणा. लहान पडद्यावर फारसं जाणवत नाही. मुलीचा धडा पहाटेच डाउनलोड करून ठेवा. वायफायचा राउटर कपाटात कोंडू नका. पहाटेही अडकलं, तर मात्र तक्रार नोंदवा. वाचलेले पैसे मुलीच्या पुस्तकांना!