मयेचं तळं आणि दूरच्या रेडिओ दीर्घिका

ध्रुवीकरण म्हटलं की आपल्याला निवडणूक आठवते. भौतिकशास्त्रातलं ध्रुवीकरण बरंच निरुपद्रवी आहे. डिचोली तालुक्यातल्या मयेच्या तळ्यावर दुपारी पोलरॉइड गॉगल लावून उभे राहा. पाण्यावरची चकाकी कमी झालेली दिसेल. आता मान खांद्याकडे कलती करा, चकाकी परत येते. पाण्यावरून उसळून येणाऱ्या प्रकाशाची कंपनं बरीचशी आडव्या दिशेत असतात आणि गॉगल नेमकी तीच अडवतो. कंपनांनी अशी एकच दिशा धरणं म्हणजे ध्रुवीकरण.

रेडिओ लहरी प्रकाशाच्याच जातीच्या. काही दीर्घिकांच्या केंद्रातलं कृष्णविवर दोन विरुद्ध दिशांना झोत फेकतं. झोतांच्या टोकांना, दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या बऱ्याच पलीकडे, मोठे रेडिओ-फुगे तयार होतात. तिथले वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राभोवती गिरक्या घेत रेडिओ लहरी सोडतात, आणि त्या जन्मतःच ध्रुवित असतात. म्हणजे नुसत्या नकाशातून आकार कळतो, पण ध्रुवीकरणाच्या नकाशातून तिथलं चुंबकीय क्षेत्र कुठल्या दिशेला आहे तेही कळतं.

पण वाटेत एक भानगड होते. चुंबकीय क्षेत्र असलेल्या विद्युतभारित वायूतून जाताना ही दिशाच फिरते. हा फॅरडेचा शोध. फिरण्याचं प्रमाण तरंगलांबीच्या वर्गावर अवलंबून असतं, म्हणून एकाच तरंगलांबीवर मोजलं तर मूळ दिशा किती आणि वाटेतला फिरवा किती, हे सांगता येत नाही. तीन-चार तरंगलांब्यांवर मोजलं की हिशेब सुटतो. ज्याला आपण अडथळा समजत होतो तोच मग वाटेतल्या अदृश्य वायूची बातमी देतो!

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले रमणा अथ्रेया आणि विजय कपाही यांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह हेच केलं. निबंध 1998 साली आला. निवडलेल्या दीर्घिका अशा, की त्यांच्या लहरी 1000 कोटींहून जास्त वर्षांपूर्वी निघालेल्या. निरीक्षणं न्यू मेक्सिकोतल्या 27 थाळ्यांच्या व्हीएलए दुर्बिणीवर झाली. ती पूर्ण पसरली की सहा सेंटिमीटर तरंगलांबीवर तिची नजर, डिचोलीतून दहा किलोमीटरवरचं रुपयाचं नाणं ओळखण्याइतकी तीक्ष्ण असते.

नारायणगावजवळची आपली खोडदची दुर्बीण का नाही? एक तर ती तेव्हा उभी राहत होती. शिवाय ती लांब लहरींची. समजा फिरवा असा आहे, की सहा सेंटिमीटरला दिशा 23 अंशांनी वळते. तोच फिरवा पन्नास सेंटिमीटरला चार पूर्ण फेऱ्यांहून जास्त भरतो. फुग्याच्या प्रत्येक भागासमोरचा वायू थोडा वेगळा, म्हणून वेगवेगळ्या दिशा एकमेकींत मिसळतात आणि ध्रुवीकरण पुसलं जातं.

निष्कर्ष चक्रावणारा होता. कित्येक दीर्घिकांत त्यांच्या जागेवरचा फिरवा दर चौरस मीटरला 1000 रेडियनच्या वर निघाला. म्हणजे विश्वाचं वय आजच्या पाव भागाइतकंही नव्हतं, तेव्हाच या दीर्घिकांभोवती चुंबकीय क्षेत्र असलेला दाट वायू होता. अशी क्षेत्रं वायूच्या घुसळणीतून हळूहळू वाढतात, असं साधारण मानलं जातं. त्याला वेळ लागतो. इतक्या लवकर ती आली कुठून, यावर अजून एकमत नाही.

जाता जाता, याच अथ्रेयांनी 2006 मध्ये अरुणाचलातल्या बुगुन लिओचिकला या पक्ष्याची विज्ञानाला पहिली ओळख करून दिली.