टर्बो गाडीचं ट्यूनिंग: हातातलं यंत्र निवडताना काय बघायचं?

एकही नट न फिरवता टर्बो गाडीची ताकद वाढवता येते. अमेरिकेत हे नेहमीचं झालंय. छोटं यंत्र स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला जोडायचं, मॅप निवडायचा आणि थोडा वेळ थांबायचं.

नेमकं होतं काय?
इंधन किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, टर्बोने हवा किती दाबायची, हे ईसीयू नावाचा संगणक ठरवतो. हलकं पेट्रोल, कडक ऊन अशा गोष्टी गृहीत धरून कंपनी त्यात थोडी सूट ठेवते. नवा मॅप तीच सूट वापरतो. मूळ मॅप परतही टाकता येतो.

कोणतं यंत्र कोणासाठी?
पहिली निवड तुमची गाडीच करते. सुबारू डब्ल्यूआरएक्स किंवा फोर्ड फोकस एसटी असेल तर कॉब कंपनीचं अ‍ॅक्सेसपोर्ट. त्याच्या स्क्रीनवर टर्बोचा दाब आणि नॉकिंग गाडी चालवतानाही दिसतं. होंडा सिव्हिकसाठी दोन पर्याय आहेत. होंडाटाच्या फ्लॅशप्रोला स्क्रीन नाही, मॅप लॅपटॉपवरून टाकावा लागतो. केट्यूनर व्ही2 ला टचस्क्रीन आहे.

ही यंत्रं एका वेळी एकाच गाडीशी जोडलेली राहतात. त्यामुळे सेकंडहँड घेताना ते आधीच्या गाडीपासून मोकळं केलंय ना, हे आधी विचारा.

इंजिन कुठे जातं?
पेट्रोलमध्ये. अमेरिकेतला 93 ऑक्टेन हा आकडा रॉन आणि मॉन या दोन मापांची सरासरी असतो. भारतात पंपावरचा आकडा फक्त रॉनचा असतो. त्या हिशेबाने तिथलं 93 म्हणजे इथलं साधारण 97-98. म्हणजे आपलं 95 चं पेट्रोल आकड्याने मोठं दिसतं, पण प्रत्यक्षात कमी पडतं. 93 च्या मॅपवर ते भरलं तर इंधन वेळेआधी आपोआप पेटू शकतं. हेच नॉकिंग. ते वाढलं तर पिस्टन फुटू शकतो.

आणि कायदा?
प्रदूषण नियंत्रण बंद करणारे मॅप अमेरिकेत बेकायदेशीर आहेत. याच कारणावरून 2024 मध्ये कॉबने सुमारे 29 लाख डॉलरचा दंड भरायचं मान्य केलं. शिवाय ट्यूनिंगमुळे इंजिन बिघडलं, तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते.

म्हणून जाहिरातीतली हॉर्सपॉवर शेवटी बघा. आधी बघा की मॅप तुमच्या पंपावरच्या पेट्रोलसाठी बनलाय का, आणि नॉकिंग सुरू झालं तर यंत्र ते तुम्हाला दाखवेल का.