विनामूल्य प्रवेशाचा दिवस आणि शाळेची सहल

वस्तुसंग्रहालय अथवा एखादे प्राचीन लेणे अमुक दिवशी सर्वांस विनामूल्य खुले राहणार आहे, अशी वार्ता वाचताच ग्रामीण शाळेतील शिक्षकाच्या मनात सहलीचा विचार येणे स्वाभाविक आहे. आपल्या मुलांच्या पालकांची परिस्थिती बेताची. वाचेल तो रुपया वाचवावा, हा त्यामागील हेतू सर्वस्वी स्तुत्य होय. तथापि, केवळ प्रवेश फुकट आहे एवढ्याच कारणास्तव दिवस निश्चित करणे हिताचे आहे काय, याचा शांतपणे विचार झाला पाहिजे. कारण खेड्यातील पुष्कळशा मुलांच्या वाट्यास प्राथमिक शाळेच्या वयात अशी सहल एखाददुसऱ्या वेळीच येते. ती वाया गेली तर दुसरी संधी कधी येईल याचा भरवसा नसतो.

प्रथम हे विनामूल्य दिवस कोणते ते पाहू. 18 एप्रिल हा जागतिक वारसा दिन, 18 मे हा आंतरराष्ट्रीय वस्तुसंग्रहालय दिन, आणि 19 नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताहाचा आरंभदिन. अलीकडील वर्षांत या दिवशी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या अखत्यारीतील स्मारके विनामूल्य ठेवण्याचे आदेश निघत आले आहेत. 2019 साली 8 मार्च या महिला दिनी स्त्रियांस अशीच सवलत देण्यात आली व पुढेही ती दिली गेली आहे. अर्थात हे आदेश वेळोवेळी निघतात. म्हणून त्या त्या वर्षीचा आदेश पाहिल्यावाचून मुलांस शब्द देऊ नये. राज्य शासनाची व विश्वस्त संस्थांची संग्रहालये यांचे नियम निराळे असतात, हेही ध्यानात ठेवावे.

आता शाळेच्या दृष्टीने या दिवसांचा विचार करू. 18 मे हा दिवस उन्हाळी सुटीत येतो. 18 एप्रिल वार्षिक परीक्षेच्या धामधुमीत येतो, आणि त्या सुमारास वेरूळ-अजिंठ्याचा खडक दुपारी चांगलाच तापलेला असतो. राहता राहिला 19 नोव्हेंबर. दिवाळीची सुटी संपून शाळा सुरू झाली असेल तर हा दिवस सोयीचा, हवाही प्रसन्न. परंतु तो साप्ताहिक सुटीचा वार तर नाही ना, हे पाहणे अगत्याचे आहे. अजिंठा सोमवारी बंद असतो व वेरूळ मंगळवारी. गावापासून शेकडो मैल प्रवास करून बंद दरवाजा पाहण्याची पाळी मुलांवर येऊ नये.

यानंतर हिशोब. येथेच बहुतेकांची गफलत होते. पुरातत्त्व विभागाच्या स्मारकांत 15 वर्षांखालील मुलांना वर्षाच्या कोणत्याही दिवशी प्रवेशशुल्क नाही. म्हणजे आपल्या प्राथमिक शाळेतील बहुतेक सर्व मुलांना वेरूळची लेणी रोजच विनामूल्य आहेत! वेरूळसारख्या जागतिक वारसा स्थळी भारतीय नागरिकास 2018 साली ठरलेले शुल्क 40 रुपये आहे. 40 मुले व 2 शिक्षक अशी सहल काढल्यास विनामूल्य दिवशी होणारी बचत अवघी 80 रुपये. गाडीभाडे व शिधा यांच्या मानाने ही रक्कम नगण्य होय. मुलांचे वय दर्शविणारी, मुख्याध्यापकांच्या सहीची यादी मात्र सोबत असू द्यावी.

आणि या 80 रुपयांच्या मोबदल्यात आपण काय देतो? निवांतपणा देतो. विनामूल्य दिवशी गर्दी लोटण्याचा संभव अधिक. गर्दीत मुलांची एकच लांब रांग करावी लागते, आणि मागचा लोंढा तिला पुढे ढकलीत राहतो. एका कपाटापुढे प्रत्येक मुलाने अर्धाच मिनिट थांबावयाचे म्हटले, तरी चाळिसाव्या मुलाची पाळी येण्यास सुमारे 20 मिनिटे लागतात. गर्दीत तेवढी सवड कोण देणार? मग पुष्कळ मुले केवळ पुढच्या मुलाची पाठ पाहत दालन ओलांडतात. घरी गेल्यावर आईने “काय पाहिलेस?” असे विचारले, तर सांगण्याजोगे त्यांच्यापाशी काही उरत नाही. ज्या आईने मजुरीच्या पैशांतून सहलीची वर्गणी दिली, तिला मिळणारे हे उत्तर शिक्षकाने मनाला लावून घ्यावे असेच आहे.

यास्तव पद्धत बदलावी. 40 मुलांचे 8-8 चे पाच गट करावेत, आणि संग्रहालयातील पाचच वस्तू निवडाव्यात. प्रत्येक गटाने एका वस्तूपाशी 10 मिनिटे बसून ती न्याहाळावी, तिचे चित्र काढावे, ती कशाची केली व कोणी वापरली असेल यावर बोलावे. मग गटांनी जागा बदलाव्यात. 50 मिनिटांत सर्व मुलांच्या पाचही वस्तू पाहून होतात. हे साधण्यासाठी कोणताही साधा, कामाचा दिवस उत्तम. आगाऊ कळविल्यास माहिती सांगणारा जाणकार मनुष्यही मिळू शकतो.

वस्तू निवडताना मुलांच्या घरची ओळख उपयोगी पडते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी अशा नित्याच्या वस्तू आहेत. दिनकर गंगाधर केळकर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ हा संग्रह उभा केला व 1975 साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आजीच्या चंचीतला अडकित्ता ज्याने पाहिला आहे, तो मुलगा तेथील नक्षीदार अडकित्त्यापुढे आपोआप थबकतो. पुणे दूर पडत असेल तर जवळचे पाहावे: धाराशिव जिल्ह्यात तेर येथे, कोल्हापुरात टाऊन हॉलमध्ये आणि नागपुरात ‘अजब बंगला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मध्यवर्ती संग्रहालयात आपल्याच भूमीतून निघालेल्या प्राचीन वस्तू मांडलेल्या आहेत.

मग विनामूल्य दिवस सर्वथैव टाकाऊ समजावा काय? तसे मुळीच नव्हे. ज्यांना रोज शुल्क पडते, अशा प्रौढांसाठी तो दिवस खरोखर मोलाचा आहे. गावातील मातापालकांनी 8 मार्चला मिळून लेणी पाहण्यास जावे, अथवा शिक्षकाने सहलीपूर्वी पाहणी करण्यासाठी स्वतः त्या दिवशी जाऊन यावे. शिक्षकाने आधी एकट्याने पाहिलेले संग्रहालय आणि मुलांबरोबर प्रथमच पाहिलेले संग्रहालय यांत महदंतर असते. पाच वस्तू कोणत्या, पाणी कोठे, डबे खाण्यास सावली कोठे, हे सारे त्या फेरीत ठरून जाते.

सारांश, निर्णय घेताना चार प्रश्न स्वतःस विचारावेत. आपल्या मुलांना मुळात शुल्क आहे काय? असल्यास एकूण बचत किती? त्या दिवशी मुलांना वस्तूपुढे स्वस्थ उभे राहता येईल काय? आणि ते दालन आपण स्वतः पाहिले आहे काय? उत्तरे मनाजोगी आली तर विनामूल्य दिवशी अवश्य जावे. न आली तर बिनदिक्कत दुसरा दिवस निवडावा.

परत आल्यावर वर्गाच्या एका कोपऱ्यात गावातील जुने जाते, पायली, शेर, कंदील अशा वस्तू मांडून प्रत्येकीखाली मुलांच्या हातची चिठ्ठी लावावी. ते छोटे संग्रहालय सर्वांस, वर्षभर, विनामूल्य खुले राहील.