मांजरीला मधुमेह झालाय? घाबरू नका, घड्याळ सांभाळा

तुमची मनी सारखी पाणी पितेय, लघवी जास्त करतेय आणि भरपूर खाऊनही वाळत चाललीय? तपासणीत मधुमेह निघाला, तर सुरुवात अशी करा.

वेळ पाळा : बहुतेक मांजरांना दर 12 तासांनी, खाण्याच्या वेळी इन्सुलिन द्यावं लागतं. सुई अगदी बारीक असते. ती टोचायला डॉक्टरांकडूनच शिकून घ्या.

सिरिंज तपासा : बाटलीवर 40 युनिट लिहिलं असेल, तर सिरिंजही 40 चीच हवी. 100 ची वापरली तर डोस चुकतो.

दूध-भात थांबवा : मांजर मांसाहारी. तिला प्रथिनं जास्त, कर्बोदकं कमी हवीत. मात्र खाणं बदललं की इन्सुलिनची गरज घटू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच बदल करा.

शंका आली तर थांबा : डोस दिला की नाही, आठवत नाही? पुन्हा देऊ नका. मनी जेवली नसेल तर आधी डॉक्टरांना फोन करा.

ती गळून गेली, झोकांड्या खाऊ लागली, तर साखर उतरलेली असू शकते. हिरड्यांना थोडा मध चोळा आणि तडक दवाखाना गाठा.

उपचार लवकर सुरू झाले, तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे बंदही होतं.