चेहरा नोकराचा, पेज मालकाचं

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं झरी हे परभणी तालुक्यातलं महसूल मंडळाचं गाव. भोवती सोयाबीन, कापूस आणि तुरीचा पट्टा. अशा गावच्या बाजारपेठेचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. ते आसपासच्या खेड्यांतून दुचाकीवर येतं, दुकानदाराला नावानं ओळखतं आणि खरेदी मोठी असली की सरळ परभणी गाठतं. दहा वर्षांपूर्वी या गिऱ्हाइकासाठी जाहिरात म्हणजे भिंतीवर रंगवलेलं बियाण्याच्या वाणाचं नाव, भोंगा लावून फिरणारा ऑटो, पेपरात घालून वाटलेली हँडबिलं आणि दसरा-दिवाळीला चौकात लागणारं बॅनर. बॅनरवर मालक असायचा, मालकाचे वडील असायचे, वरच्या कोपऱ्यात एखादा पुढारी असायचा. दिवसभर उभं राहून थान उलगडणारा, पोती उचलणारा, हिशेबाची चिठ्ठी गल्ल्यावर नेऊन देणारा माणूस मात्र त्या बॅनरवर कुठेच नसायचा.

गेल्या नऊ-दहा वर्षांत तो चित्रात आला. नुसता आला नाही, मधोमध येऊन उभा राहिला. मालक त्याच्यापुढे मोबाइल धरून उभा राहू लागला, हा त्यातला गमतीचा भाग.

सुरुवात सप्टेंबर २०१६ ची. ५ तारखेला जिओ आलं आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत डेटा फुकट मिळाला. त्याआधी एक जीबी डेटा पुरवून पुरवून वापरला जायचा, व्हिडिओ उघडण्याआधी माणूस विचार करायचा. फुकटच्या त्या सहा-सात महिन्यांनी ही काटकसर मोडली ती कायमची. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉट्सॲपवर स्टेटस आलं. तालुक्याच्या पातळीवर दुकानाची पहिली डिजिटल जाहिरात तिथेच झाली: नवा माल आला की त्याचा फोटो, खाली मालकाचा नंबर. माणूस अजूनही चित्राबाहेरच होता.

त्याला आत आणलं टिकटॉकनं, आणि ते मालकाच्या योजनेनं झालं नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये म्युझिकली हे ॲप टिकटॉकमध्ये विलीन झालं आणि पंधरा सेकंदांचा हा खेळ गावोगाव पसरला. दुपारी गिऱ्हाईक नसताना दुकानातली पोरं कपाटांपुढे उभी राहून संवाद म्हणायची, गाण्यावर ओठ हलवायची. मागे साड्यांच्या चळती दिसायच्या, खताच्या पोत्यांची थप्पी दिसायची. दुकानाची जाहिरात होत होती, पण ती कुणाच्या मनात नव्हती. बहुतेक मालकांच्या लेखी तो कामचुकारपणा होता. ‘पगार काय नाचायचा देतो का?’ हा त्या काळातला ठरलेला प्रश्न. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे ते काही दिवस ॲप स्टोअरमधून काढलं गेलं आणि महिना संपायच्या आत परतही आलं. पोरांचा उत्साह त्यानं कमी झाला नाही.

टिकटॉकनं एक गोष्ट मात्र सिद्ध केली. सफाईदार चेहरा, गोरा रंग, पुण्याची भाषा यांपैकी काहीही नसलेला माणूस लोक आवडीनं बघतात. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण टिकटॉकवर गाजला तो असाच, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वाचा विजेताही झाला. जाहिरातीच्या धंद्यातल्या जाणत्यांनी जे चाळीस वर्षं मानलं नव्हतं, ते गावाकडच्या पोरांनी दोन वर्षांत दाखवून दिलं.

मग २०२०. मार्चमध्ये टाळेबंदी आली, दुकानांना कुलपं लागली. २९ जून रोजी केंद्र सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक गेलं. नऊ दिवसांनी, ८ जुलैला, इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणलं. १४ सप्टेंबरला यूट्यूबनं शॉर्ट्सची चाचणी सुरू केली, तीही आधी भारतातच. हा मोकळा झालेला बाजार कुणालाच सोडायचा नव्हता.

या बदलात जे घडलं त्याची चर्चा फारशी झाली नाही. टिकटॉकवरचं खातं पोराचं होतं. त्यावर पोराचं नाव, पोराचे फॉलोअर. ते एका रात्रीत गेलं. इन्स्टाग्रामवर नव्यानं जे खातं उघडलं गेलं, ते मात्र दुकानाच्या नावानं. त्यावर दुकानाचा पत्ता, मालकाचा व्हॉट्सॲप नंबर, नकाशाची लिंक. टाळेबंदीत माल पडून राहिलेल्या मालकाला या माध्यमाची किंमत कळली होती. माणूस तोच, कला तीच, पासवर्ड मात्र गल्ल्याच्या बाजूला गेला. या दशकाच्या मागोव्यातलं खरं वळण हेच आहे. रीलची लांबी पंधरावरून तीस, साठ, नव्वद सेकंद आणि जानेवारी २०२५ मध्ये तीन मिनिटांवर गेली, हे सारं त्यापुढे किरकोळ.

पुढची दोन-तीन वर्षं शिकण्यात गेली. सुरुवातीला नाच आणि चालू गाणी होती. मग लक्षात आलं, की व्यावसायिक खात्याला लोकप्रिय गाणी सहजी वापरता येत नाहीत. हक्कांचा प्रश्न येतो, आवाज बंद केला जातो. काहींनी पळवाट म्हणून खातं वैयक्तिकच ठेवलं. काहींनी गाणं सोडलं आणि पोराला बोलायला लावलं. ही अडचण पथ्यावर पडली म्हणायची. कापडदुकानातला सेल्समन स्वतःच्याच खांद्यावर साडी टाकून, निऱ्या धरून, पदर फिरवून काठाचं आणि दराचं बोलू लागला, तेव्हा त्याच्या वीस वर्षांच्या सवयीची हातोटी पहिल्यांदाच दुकानाबाहेर दिसली. हे काम मालकाला येत नाही, मालक पैसे मोजतो. मोबाइल दुरुस्तीवाला पोरगा फोन उघडून आतलं गंजलेलं चार्जिंग पॉइंट दाखवतो, चहावाला आलं ठेचतो, टेलर बगलेतली शिवण उसवून दाखवतो. यांत विक्रीचा शब्द नसला तरी चालतो. १९२० साली किर्लोस्करवाडीत शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं तेही कारखान्याचं घरचं पत्र म्हणूनच. नांगर खपवायला निघालेलं ते पत्र पुढे मराठीतलं वजनदार मासिक झालं, कारण त्यात नांगरापलीकडचंही वाचायला मिळायचं.

झरीसारख्या गावात सर्वांत नाजूक प्रकरण कृषी सेवा केंद्राचं. या जिल्ह्याला शेतीचा सल्ला कानानं ऐकायची सवय जुनी आहे. परभणीत आकाशवाणीचं केंद्र आहे, आणि १९७२ साली स्थापन झालेलं मराठवाडा कृषी विद्यापीठ, आताचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, तिथेच आहे. विद्यापीठाचा शास्त्रज्ञ बोलतो तेव्हा त्यामागे चाचण्या आणि शिफारशी असतात. दुकानातला पोरगा बोलतो तेव्हा त्याच्यामागे गोदामातला साठा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीनवर अळी दिसली, की ‘एका फवारणीत खल्लास’ असं म्हणणारी रील निघते. बोलणाऱ्याच्या अंगावर पोलो टी-शर्ट, हातात बाटली, आवाजात पक्का भरवसा. कीटकनाशकाच्या लेबलवर कोणतं पीक, कोणती कीड, किती मात्रा हे छापलेलं असतं, आणि नोंदणी तेवढ्यापुरतीच असते. त्याबाहेरचं काही बोलणं म्हणजे शेतकऱ्याच्या खिशाशी खेळणं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, जो जुलै २०२० पासून लागू झाला, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. पोराला हे माहीत असण्याचं कारण नाही. मालकाला असायला हवं.

या सगळ्यात आकड्यांचा मोह वाढत गेला. लाख व्ह्यूज झाले, की मालक मोबाइल फिरवून दाखवू लागला. पण झरीच्या दुकानाला लाख माणसं नको असतात, पाच-दहा कोसांतली माणसं हवी असतात. खताचं पोतं घ्यायला कोल्हापूरहून कुणी येत नाही. व्ह्यूजचा अर्थ धंद्यागणिक बदलतो, आणि याची दोन बोलकी उदाहरणं महाराष्ट्रातच आहेत.

नागपूरच्या सदर भागात चहा विकणाऱ्या डॉली चायवाल्याचा व्हिडिओ फेब्रुवारी २०२४ मध्ये बिल गेट्स यांनी आपल्या इन्स्टाग्रामवर टाकला. डॉलीनं नंतर सांगितलं, की समोर उभे असलेले गेट्स कोण हे त्याला ठाऊकच नव्हतं, कुणी परदेशी पाहुणा असेल असं वाटलं. पुढच्या वर्षी त्यानं फ्रँचाइझी देण्याची घोषणा केली. दुसरं उदाहरण घरच्या मातीतलं: धाराशिवचं हॉटेल भाग्यश्री. त्याचे मालक नागेश मडके यांनी ढवारा मटण आणि ‘यावंच लागतंय’ हे पालुपद यांच्या जोरावर मराठवाड्यातला धाबा राज्यभर नेला. २०२५ मध्ये त्यांची नक्कल करणाऱ्या हॉटेलवाल्यांचं अमाप पीक आलं. पण दोन्ही ठिकाणी कॅमेऱ्यापुढचा माणूस स्वतःच मालक होता. नाव त्याचं, धंदा त्याचा, फायदाही त्याचा. शिवाय मटणासाठी आणि चहासाठी माणूस वाट वाकडी करतो. नोकराच्या व्हिडिओवर दुकान उभं करू पाहणाऱ्यांनी ही दोन नावं आदर्श म्हणून घेतली, आणि त्यातला हा फरक विसरले.

नोकराची गोष्ट वेगळी असते हे त्याआधीच एसटीनं दाखवलं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या कळंब आगारातल्या एका महिला वाहकाला गणवेशात रील केल्याबद्दल महामंडळानं निलंबित केलं. महामंडळाची प्रतिमा मलिन होते, असं कारण दिलं गेलं. समाजमाध्यमांवर लोक तिच्या बाजूनं उभे राहिले आणि निलंबन मागे घ्यावं लागलं. एखाद्या खासगी कंपनीनं जाहिरातीवर पैसे ओतून जे मिळवलं असतं, ते आपुलकीचं भांडवल त्या वाहकाच्या व्हिडिओंतून एसटीला आपोआप मिळत होतं; महामंडळाला ते दिसलं नाही. ज्या दिवसांत सरकारी गणवेशातली रील गुन्हा ठरत होती, त्याच दिवसांत शेजारच्या बाजारपेठेतला मालक ‘आज रील का टाकली नाही?’ म्हणून पोरावर डाफरत होता. रील केली म्हणून एक शिक्षा, केली नाही म्हणून दुसरी. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनानं सरकारी कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापरासाठी नियमावली काढली. खासगी दुकानातल्या नोकराचं कुणी काही ठरवलं नाही.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न आणखी अवघड. काउंटरवरच्या मुलीचा व्हिडिओ जास्त बघितला जातो हे मालकाला ठाऊक असतं, आणि त्याखाली काय काय लिहिलं जातं तेही. ते वाचायचं मात्र तिला, तिच्या भावाला, गावाला. तिनं हसून होकार दिला तरी त्या होकारात नोकरीची भीती किती, हे मालकालाही सांगता येणार नाही. काही जणी फक्त हात दाखवतात: बांगड्या, कापडाचा पोत, मोजपट्टी. त्यात काही उणं राहत नाही.

जाहिरात परिषदेनं, म्हणजे एएससीआयनं, मे २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम काढले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानंही काढले. बोलणाऱ्याचा आणि मालाचा आर्थिक संबंध असेल तर तो उघड सांगावा, आणि नोकरी हाही असा संबंध धरावा, हे त्यात आहे. दुकानाच्या पेजवर दुकानातलाच माणूस बोलतो तिथे लपवण्यासारखं काही नसतं. पण पोराच्या मावसभावाला ‘समाधानी ग्राहक’ म्हणून उभं करण्याची जी सर्रास चाल आहे, ती या नियमांत बसत नाही.

२०२४ मध्ये परदेशातून एक लाट आली. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमधलं फायफील्ड मॅनर हे जुनं अतिथिगृह आणि नॉर्थम्बरलँडचं प्राणिसंग्रहालय यांनी वयस्कर माणसांच्या तोंडी कॉलेजच्या पोरांची बोली घातली आणि ते व्हिडिओ जगभर फिरले. आपल्याकडेही मग चष्मा लावलेले मुनीम आणि पन्नाशीचे हमाल पोरासोरांचे शब्द बोलू लागले. काही खरंच हसवतात. बहुतेकांत म्हाताऱ्या माणसाची थट्टा होते, आणि तीही त्याच्याच पगारदात्यानं केलेली.

पैशाचं काय, हा प्रश्न राहतोच. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला पूर्णपणे लागू झाला. त्याखालच्यांनी सरकारला फक्त धंद्याची सूचना द्यायची. २०२५ मध्ये ही मर्यादा वीसपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला. झरीच्या बाजारपेठेत दहा नोकर असलेलं दुकान शोधावं लागेल. म्हणजे नेमणूकपत्र नाही, कामाचं स्वरूप लिहिलेलं नाही आणि व्हिडिओ करणं हे काम की हौस, याचा निवाडा नाही. रात्री शटर अर्धं ओढून दिवाळीच्या मालाची रील निघते, तो वेळ कुठेच मांडला जात नाही.

याच शिवारात सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं. उचल किती, ज्वारी किती, कपडे किती, सण-वाराला सुट्टी कशी, हे ओट्यावर बसून बोललं जातं आणि दोन्हीकडचे लोक ते पाळतात, निदान पाळावं असं मानतात. दुकानातल्या पोराशी पगाराचं बोलणं होतं तेव्हा रीलचा विषय निघत नाही. मग एखाद्या पाडव्याला पोरगं हजार रुपये जास्त मिळतात म्हणून रस्त्यापलीकडच्या दुकानात जातं. जुन्या दुकानाच्या पेजवर त्याचे व्हिडिओ चालूच राहतात, नवं दुकान त्याला पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यापुढे उभं करतं, आणि खेड्यावरून आलेलं गिऱ्हाईक जुन्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्याच्याच नावानं हाक मारतं.